वाइल्ड्स आणि माझा सहा वर्षांचा पीसी : प्रकल्प नोंदी

१ मार्च २०२५, शनिवार

काल २८ फेब्रुवारीला मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स हा शिकारीचा गेम आला आणि आज सकाळपासून मी त्याच्याच मागे लागलोय. नोंदी ठेवायचं आधीच ठरवलेलं, कारण २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच सिरीजमधला मॉन्स्टर हंटर वर्ल्ड पीसीवर आला तेव्हा महिनाभर सेटिंग्ज उलटीपालटी करत होतो आणि शेवटी नेमका कशाने फरक पडला ते आठवतच नव्हतं. यावेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायची, इथे लिहायची, मग शिकारीला जायचं.

मशीन असं आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, आरटीएक्स २०६० सुपर ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, एनव्हीएमई एसएसडी, आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करणारा, प्रत्येक वेळ म्हणजे एक रिफ्रेश), पण त्यात व्हेरिएबल रिफ्रेश, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश बदलायची सोय, नाहीये. गेमच्या रेकमेंडेड यादीत अगदी हाच प्रोसेसर आणि हेच कार्ड दिलंय, १०८०पी, मिडियम, ६० एफपीएस (सेकंदाला इतक्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं), फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेम्सच्या मधे बनवलेल्या फ्रेम्स घालणं) चालू ठेवून. हे शेवटचे शब्द नीट वाचले पाहिजेत, कारण फ्रेम जनरेशन धरून ६० म्हणजे खऱ्या फ्रेम्स साधारण निम्म्याच. त्यामुळे ६० चं स्वप्न घेऊन मी बसलेलो नाही, मला फक्त शिकार सलग, न अडखळता खेळायचीय.

पहिल्यांदा चालू केल्यावर शेडर कंपाइल, जवळजवळ वीस मिनिटं, सगळे कोअर शंभर टक्के. मधे बंद करायचा मोह होतो पण करू नये. शेडर म्हणजे कार्डाने पाणी कसं रंगवायचं, केसांवर ऊन कसं पाडायचं हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम, आणि ते प्रत्येक कार्डासाठी प्रत्येक ड्रायव्हरसाठी वेगळे तयार व्हावे लागतात. कन्सोलवर सगळ्यांकडे तेच हार्डवेअर म्हणून ते तयारच पाठवता येतात, पीसीवर मात्र आपल्याच घरी शिजवावे लागतात, आणि आधी शिजवले नाहीत तर ऐन मारामारीत शिजतात आणि तिथे चित्र अडतं.

मिडियम प्रीसेट (गेमनेच ठरवलेला सेटिंग्जचा संच), डीएलएसएस (चित्र लहान रंगवून मग मोठं करायची एनव्हीडियाची सोय) क्वालिटीवर लावून चार तास खेळलो. पहिली मोठी शिकार चाटाकाब्रा, बेडकासारखा, जीभ लांबलचक, पुढच्या पायांना दगडं चिकटवून घेऊन आपटतो. ग्रेट स्वोर्ड ही जड तलवार हातात घेतली, वर्ल्डमध्येही हीच होती, आणि पहिला पूर्ण चार्ज (बटण धरून जोर भरलेला वार) त्याच्या डोक्यात बसला तेव्हा तो जो आवाज आला आणि क्षणभर सगळं थबकल्यासारखं होऊन तलवार आत गेली, त्यासाठीच मी या सिरीजकडे परत परत येतो. पहिला भाग २००४ ला प्लेस्टेशन २ वर आला होता आणि तेव्हापासून मुद्दा तोच आहे, जनावराचं अंग वाचायचं, ते काय करणार हे त्याच्या आधी ओळखायचं, आणि जड हत्यार योग्य क्षणी सोडायचं.

२ मार्च

मोजायला रूट ठरवला. विंडवर्ड प्लेन्स या गेममधल्या मैदानाच्या बेस कॅम्पातून निघायचं, सेक्रेटवर (ते पळणारं पक्ष्यासारखं जनावर, त्यावर बसून फिरतो आपण) ठरलेल्या कड्यापर्यंत जायचं, वळून परत, साठ सेकंद. प्रत्येक बदलानंतर तीनदा, आणि मधला आकडा धरायचा. तीनदा करायचा कंटाळा येतो पण दुसरा इलाज नाही, कारण हे मैदान दर वेळी सारखं नसतंच, कधी कळप आडवा येतो, कधी लख्ख ऊन, कधी वाळूचं वादळ, एकाच सेटिंगवर पाच-सहा एफपीएस इकडचे तिकडे होतात.

मोजायला कॅपफ्रेमएक्स वापरतोय, प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते नोंदवणारा प्रोग्रॅम. आजचे आकडे: रूटवर सरासरी ४९, एक टक्का लो २४. बेस कॅम्पात उभं राहिल्यावर सरासरी ३८, लो २२.

एक टक्का लो म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेम्सवरून काढलेला आकडा. माझा सगळा भर त्याच्यावरच असणार आहे. सरासरी ४९ ऐकायला ठीक वाटते पण २४ म्हणजे अधूनमधून एखादी फ्रेम चाळीस मिलिसेकंदांच्या वर थांबून येतेय, आणि ती डोळ्याला बरोबर टोचते.

४ मार्च

धाकट्या बहिणीला खेळायला दिला. तिने सोर्ड अँड शील्ड घेतलं, तलवार आणि ढाल. तिला आकडे माहीत नाहीत, मी ओव्हरलेसुद्धा (स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारे आकडे) बंद ठेवला होता मुद्दाम. दहा मिनिटांनी म्हणाली, "दादा, हे मधेच गचके का खातंय? माझं बटण बरोबर होतं रे." परफेक्ट रश मारत होती ती, त्यात हत्यार चमकलं की त्याच क्षणी बटण दाबायचं असतं, एकापाठोपाठ एक, आणि दुसरी चमक नेमकी गचक्यात गिळली जात होती. मी रेकॉर्डिंग परत बघितलं, ती म्हणते तिथे तिथे ग्राफला उंच काटे आहेत, सत्तर-ऐंशी मिलिसेकंदांचे.

म्हणजे प्रश्न चित्र किती सुंदर दिसतं याचा नाही. या गेममध्ये गचका म्हणजे चुकलेला वार, आणि चुकलेला वार म्हणजे अंगावर बसलेला पंजा.

५ मार्च

अडचण प्रोसेसरची की कार्डाची ते शोधलं. सोपी पद्धत आहे: कॅम्पात उभं राहायचं, डीएलएसएस क्वालिटीवरून सरळ अल्ट्रा परफॉर्मन्सला न्यायचं. क्वालिटीत कार्ड १२८०×७२० रंगवतं आणि मग ते १०८०पी ला फुगवतं, अल्ट्रा परफॉर्मन्समध्ये फक्त ६४०×३६० रंगवतं, म्हणजे पिक्सेल चौथाईवर. कार्डाची अडचण असती तर आकडा उडी मारून वर गेला असता. गेला किती, ३८ वरून ३९. कार्डाचा वापर ६० टक्क्यांवर आला, बाकी वेळ ते प्रोसेसरची वाट बघत बसलंय.

पटण्यासारखंच आहे म्हणा. या गेममध्ये लोडिंग न होता कॅम्पातून थेट मैदानात जाता येतं, तिकडे दोशागुमा या अस्वलासारख्या मॉन्स्टरचा कळप चालतोय, भलतीकडेच दोन मॉन्स्टर एकमेकांशी भांडतायत, छोटी जनावरं गवतात फिरतायत, आणि हे सगळं मी बघत नसलो तरी चालूच असतं. कोण कुठे जाणार, कुणाला भूक लागलीय, पाय कुठे पडणार हा सगळा हिशोब प्रोसेसरकडे. सेटिंग्जमध्ये सावल्या कमी केल्या, गवत कमी केलं, तर कॅम्पात एखाद-दुसरा एफपीएस वाढतो, बस.

८ मार्च, शनिवार

आजची नोंद मोठी आहे कारण आज खरं कारण सापडलं.

प्रोसेसरची अडचण आहे हे कळल्यावर टास्क मॅनेजर उघडून बघत बसलो होतो, तापमान, घड्याळ, सगळं ठीक. मग सहज मेमरीच्या टॅबवर गेलो आणि तिथे स्पीड २१३३. माझी रॅम ३२०० ची आहे. दोन मिनिटं तसाच बघत राहिलो. मग आठवलं, काही महिन्यांपूर्वी बायोस (मदरबोर्डवरचा, पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट केला होता, आणि बायोस अपडेट केला की बहुतेक वेळा सगळं डीफॉल्टला जातं, एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचं सेटिंगसुद्धा. एक्सएमपी बंद असलं की रॅम आपल्या कबूल केलेल्या वेगाने न चालता सगळ्यात सुरक्षित वेगाने चालते. इतके महिने कुठल्याच गेममध्ये मला जाणवलं नाही कारण ते सगळे कार्डावर अडणारे होते.

या प्रोसेसरवर रॅमचा वेग एवढा का लागतो ते सांगतो, कारण जुनं मशीन घेऊन बसलेल्या बऱ्याच जणांना हे उपयोगी पडेल. ३६०० मध्ये सहा कोअर आहेत पण ते एका गटात नाहीत, तीन-तीनचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटाची १६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) वेगळी. एका गटाला दुसऱ्या गटाकडची गोष्ट हवी असेल तर ती इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या आतल्या रस्त्यावरून येते, आणि तो रस्ता रॅमच्या घड्याळाला बांधलेला असतो. ३२०० ची रॅम असली की फॅब्रिक १६०० मेगाहर्ट्झ, २१३३ असली की १०६७ च्या आसपास. म्हणजे नुसती रॅमच हळू नव्हती, कोअरांचं एकमेकांशी बोलणंच हळू झालेलं.

रीस्टार्ट, बायोस, एक्सएमपी चालू, सेव्ह. रूट तीनदा. सरासरी ५३, लो ३३. कॅम्पात ४५ आणि ३०.

सरासरी चारनेच वाढलीय पण लो २४ वरून ३३. हे वाचून कळणार नाही, खेळून कळतं. कॅमेरा फिरवला की मैदान आता वाहतं. बहिणीला न सांगता कंट्रोलर दिला आणि ती पाच मिनिटं काहीच बोलली नाही, गप्प खेळत राहिली, तेवढं मला पुरे होतं.

एवढंच सांगेन, गेमला नावं ठेवायच्या आधी रॅमचा वेग बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

९ मार्च

राहिलेल्या काट्यांच्या मागे. कॅमेरा झटकन मागे फिरवला की एक गचका, आणि कधीकधी मॉन्स्टर जवळ येतो तेव्हा दोनतीन सेकंद त्याची कातडी चिकणमातीसारखी सपाट दिसते, मग हळूच खवले उमटतात. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) हायवर ठेवलं होतं मी, मिडियम प्रीसेटमधून तेवढंच एक वर नेलेलं, चांगलं दिसावं म्हणून. ८ जीबी व्हिडिओ मेमरी पूर्ण भरत होती, त्यात मागे ब्राउझर उघडा, तोही कार्डाची मेमरी खातो. मेमरी भरली की कार्ड आतलं काहीतरी बाहेर टाकतं आणि पाहिजे झालं की परत आणतं, ती ये-जा म्हणजे गचका.

टेक्श्चर मिडियम, ब्राउझर बंद. लो ३३ वरून ३६. मातीची कातडी जवळजवळ गेली. हायमध्ये आणि मिडियममध्ये दगडांच्या कपाऱ्या सोडल्या तर पळता पळता मला फरक दिसत नाही.

११ मार्च

आज फ्रेम जनरेशन. माझ्या कार्डाला डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन नाही, ते ४० सिरीजपासून पुढे, पण एफएसआरचं, म्हणजे एएमडीच्या तशाच सोयीचं, चालतं. चालू केलं आणि आकडा ८० च्या घरात. बघायला खरंच गुळगुळीत, सेक्रेटवरून मैदान पार करताना तर फार छान.

मग दोशागुमाच्या समोर गेलो. ग्रेट स्वोर्डला यावेळी ऑफसेट रायझिंग स्लॅश दिलाय, मॉन्स्टरचा वार अंगावर येत असताना नेमक्या क्षणी खालून वर तलवार उचलून मारली तर त्याचा वार मोडतो आणि तोच मागे भेलकांडतो. दोशागुमा अस्वलासारखा मागच्या पायांवर उभा राहतो, क्षणभर थांबतो, आणि मग पुढचे पंजे घेऊन कोसळतो. त्या थांबण्यात तलवार सोडायची. कालपर्यंत मला हे दहात सहा-सात वेळा जमत होतं. आज दहात दोन.

कारण असं की फ्रेम जनरेशन दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधे एक बनवलेली फ्रेम घालतं, आणि ती बनवायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणून तयार झालेली फ्रेम थोडा वेळ धरून ठेवतं. डोळ्याला ८० दिसतात पण हाताला चाळीसचंच उत्तर मिळतं आणि तेही उशिराने. एएमडीचा स्वतःचाच सल्ला आहे की मुळात ६० च्या आसपास येत असतील तर हे लावा. माझ्याकडे ते ६० नाहीत. लांबून मारणारी हत्यारं वापरणाऱ्याला कदाचित चालेल, ग्रेट स्वोर्डला नाही. बंद केलं.

१५ मार्च

डीएलएसएस क्वालिटी की बॅलन्स्ड. बॅलन्स्डला आतलं रिझोल्यूशन ५८ टक्के, उजाड मैदानात तीनचार एफपीएस जास्त देतं, पण दोशागुमाची आयाळ आणि सुकं गवत झिरमिळतं, आणि गवतात झिरमिळ असली की लहान जखमा दिसत नाहीत. यावेळी जखमा महत्त्वाच्या आहेत, एकाच जागी मारत राहिलं की जखम उघडते, फोकस मोडमध्ये (नेम धरायच्या मोडमध्ये) ती लाल दिसते आणि तिच्यावर वार केला की मॉन्स्टर कोलमडतो. म्हणून क्वालिटीच ठेवलं. चित्र स्वच्छ असणं इथे शिकारीच्याच कामाचं आहे.

१६ मार्च, रविवार

आज पूर्ण दिवस फ्रेम लिमिटवर घालवला, म्हणजे एफपीएस एका आकड्याच्या वर जाऊच द्यायचे नाहीत.

आतापर्यंत लिमिट नव्हतं, म्हणजे उजाड जागी ६०, कळप आला की ४२, कॅम्पात ४५, सारखं वरखाली. आता मोठे गचके गेलेत तरी हात कशावर बसवायचा हेच कळत नव्हतं. ६० वर एका लयीत हात बसला की ४२ येतं आणि तोच चार्ज डोळ्याला वेगळा वाटतो. ग्रेट स्वोर्डचा चार्ज तीन टप्प्यांत भरतो आणि तिसऱ्यानंतर थोडा जरी जास्त धरला तर जोर उतरतो, हे मी आकड्यावर खेळत नाही, अंगातल्या मोजणीवर खेळतो. ती मोजणी चित्राच्या लयीवर बसलेली असते. लय बदलली की मोजणी मोडते.

आधी ४८ लावून बघितलं कारण १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ४८ बरोबर बसतात, प्रत्येक फ्रेम तीन रिफ्रेश. शांत हवेत मस्त. वाळूचं वादळ आलं की ४८ टिकत नाहीत आणि टिकले नाहीत की व्ही-सिंकमुळे (फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशवरच दाखवायचं सेटिंग) एखादी फ्रेम चौथ्या रिफ्रेशला जाते, पुन्हा अडखळ.

मग मॉनिटर १२० हर्ट्झला आणला आणि रिव्हाट्यूनर या प्रोग्रॅममधून ४० चं लिमिट लावलं. १४४ वर ४० नीट भागले जात नाहीत, काही फ्रेम्स तीन रिफ्रेश राहतात काही चार, चालताना जमीन थरथरते. १२० वर प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश, पंचवीस मिलिसेकंद. आणि ४० हा आकडा दिसतो तेवढा गरीब नाहीये. ३० ला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची, ६० ला १६.७ ची, आणि त्या दोघांच्या अगदी मधोमध २५, म्हणजे ४०. एफपीएसमध्ये मोजलं तर ३० च्या जवळ वाटतं, वेळेत मोजलं तर अर्धं अंतर कापलेलं आहे.

ग्राफ काढला. सरळ रेष. इतके दिवस करवतीचे दात बघितल्यावर ती रेष बघून मला इतकं बरं वाटलं की मी तिचा स्क्रीनशॉट ठेवलाय.

वादळात मात्र अजून ३६-३७ वर घसरत होतं, व्हॉल्युमेट्रिक फॉग (हवेतलं धुकं-धूळ) खाली आणला, आकाशाची क्वालिटी एक पायरी खाली. वादळाची धूळ थोडी पातळ दिसते, बाकी काही गेलं नाही.

संध्याकाळी रे दाऊ, विजेचा मॉन्स्टर. मुद्दाम वादळातच गेलो, तो वादळाचाच राजा आहे. वर काळं आभाळ, विजा पडतायत, वाळू डोळ्यासमोरून आडवी वाहतेय आणि तो कड्यावर उतरतो, डोक्यावरची दोन शिंगं पुढे आणून त्यांची दुनळी करतो, त्या दोन नळ्यांच्या मधे वीज साचायला लागते, तडतड आवाज चढत जातो आणि मग एका रेषेत ती सुटते. पहिल्या आठवड्यात हा क्षण मला कधी पूर्ण दिसलाच नव्हता, कारण वीज साचायची आणि नेमकी तिथे फ्रेम अडायची आणि पुढचं दृश्य म्हणजे मी जमिनीवर. आज मला शिंगं वळताना दिसली. मानेचा झोक दिसला, कुठल्या बाजूला नेम धरतोय ते दिसलं. डावीकडे लोळण घेतली, रेष बाजूने गेली, उठलो, त्याचं डोकं अजून खालीच होतं, चार्ज एक, दोन, तीन, सोडला.

पंचवीस मिनिटं लागली, एकदा बेशुद्ध पडून कॅम्पात गेलो (तीनदा पडलं की शिकार संपते), पण मारला. बहीण मागे उभी राहून बघत होती, शेवटच्या वाराला ओरडली, "दादा, डोकं! डोकं सोडू नको!" तिलाही दिसत होतं डोकं खाली आहे ते.

लॉग नंतर बघितला, त्या पंचवीस मिनिटांत लो ३८.

१९ मार्च

बहिणीनेही ४० वरच परफेक्ट रशचा सराव केला, अर्ध्या तासात सलग बसायला लागला. ती म्हणते आता चमक "वेळेवर येते". माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं तिने.

२२ मार्च

पीसी उघडून धूळ काढली, प्रोसेसरची पेस्ट बदलली. ८४ डिग्रीवरून ७३. एफपीएसमध्ये फरक नाही, पंख्यांचा आवाज मात्र पुष्कळ कमी, हेडफोनशिवाय खेळता येतं.

२३ मार्च

कॅम्पातल्या तंबूत विश्रांती घेऊन ऋतू निवडता येतो, ही सोय मला कथा थोडी पुढे गेल्यावर मिळाली. मोजणीसाठी फार कामाची, आता तिन्ही फेऱ्या एकाच हवेत काढता येतात. वादळात रूट: सरासरी ४०, लो ३७. वादळानंतरच्या हिरव्या दिवसांत: ४०, लो ३८. हिरव्या दिवसांत गवत, पाणी, फुलं, जनावरं सगळंच जास्त असतं म्हणून मला वाटलं होतं तिथे जास्त घसरेल, नाही घसरलं.

आणि खरं सांगू, त्या हिरव्या मैदानात मी मोजणी संपल्यावर शिकार न करता तासभर फिरलो. पाण्यावर कळप उतरतो, पिल्लं मधे ठेवून मोठी बाहेरच्या बाजूने उभी राहतात, एक मान वर करून बघत राहतो, त्याने खाली घातली की दुसरा वर करतो. मी गवतात बसून बघत होतो. याच हिशोबाने पहिल्या आठवड्यात माझा प्रोसेसर अडवला होता, आणि आता तोच खर्च कुठे जातो ते डोळ्याने बघायला मिळालं. मला तो योग्य ठिकाणी गेलेला वाटतो.

२९ मार्च

दोशागुमाच्या कळपात जायचं असेल तर लार्ज डंग पॉड जवळ ठेवा, एक फेकला की कळप पांगतो आणि मोरक्या एकटा मिळतो. फ्रेम्सच्या दृष्टीनेही फायदा, कळप पांगला की दोन-तीन मिलिसेकंद मोकळे होतात. हे मोजलंय मी.

५ एप्रिल, शनिवार

काल पहिला टायटल अपडेट आला, मिझुत्सुने आणि झो शिया हे मॉन्स्टर आणि ग्रँड हब ही खेळाडूंनी जमायची जागा. मी त्याच दिवशी ग्राफिक्स ड्रायव्हरही नवा टाकला. दोन्ही एकदम करायला नको होते, एका वेळी एक हा नियम मीच घातलाय. शेडर परत सगळे कंपाइल झाले, ते होणारच, ड्रायव्हर बदलला की जुने चालत नाहीत. पण फरक दिसला असता तर गेममुळे की ड्रायव्हरमुळे ते सांगता आलं नसतं. सुदैवाने रूटवर काहीच बदललं नाही, ४० आणि ३८.

ग्रँड हबमध्ये मात्र ३१-३२ पर्यंत खाली जातं. माणसंच माणसं, प्रत्येकाचं चिलखत वेगळं, प्रत्येकाची सोबतीची मांजर वेगळी. तिथे लढायचं नसतं त्यामुळे मी त्याच्या मागे लागणार नाही.

मिझुत्सुने बघून बहीण खेळातून उठेचना. कोल्ह्यासारखं लांब अंग, जांभळे-गुलाबी पर, आपल्याच फेसावर घसरत वळतो आणि बुडबुडे सोडतो. बुडबुड्यात सापडलो की आपणही घसरायला लागतो. एकावर एक पारदर्शक बुडबुडे आले की कार्डाला तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो, म्हणून इथे पहिल्यांदाच कार्ड ९८ टक्क्यांवर गेलं आणि दोनतीन फ्रेम्स निसटल्या. फक्त या शिकारीपुरतं डीएलएसएस बॅलन्स्ड करून बघितलं, निसटणं थांबलं, आणि इथे गवत नसल्यामुळे झिरमिळही फारशी दिसली नाही. म्हणजे बॅलन्स्डला मी १५ मार्चला पूर्ण बाद केलं ते घाईचं होतं, जागा बघून वापरायला हरकत नाही.

१३ एप्रिल, रविवार

बहिणीने एकटीने मिझुत्सुने मारला. चौथा प्रयत्न. आधीच्या तीन वेळा ती त्याच्या शेपटीच्या फटक्यात जात होती, आज तिने फटक्याच्या आधी त्याचा मागचा पाय रुततो ते ओळखलं, ढाल नेमक्या वेळी उचलली, परफेक्ट गार्ड बसला, आणि लगेच आत शिरून तिन्ही चमका घेतल्या. मी शेजारी बसलो होतो, कॅपफ्रेमएक्स चालू होतं पण मी बघितलंच नाही. ती म्हणाली, "बघितलास का पाय? मी पाय बघून मारलं!" मला तो पाय दिसला नव्हता. तिने रीप्ले मागितला, रेकॉर्डिंग लावलं, पाच वेळा मागेपुढे केलं. खरंच आहे, शेपूट हलायच्या आधी मागचा डावा पाय जमिनीत दाबला जातो, जेमतेम पाच-सहा फ्रेम्स.

२० एप्रिल

सेटिंग्ज आता पक्की केली, परत लागली तर इथून उचलायची: मॉनिटर १२० हर्ट्झ, रिव्हाट्यूनरमधून ४०, व्ही-सिंक चालू, मिडियम प्रीसेट, टेक्श्चर मिडियम, व्हॉल्युमेट्रिक फॉग लो, आकाश एक पायरी खाली, डीएलएसएस क्वालिटी (मिझुत्सुनेला बॅलन्स्ड), फ्रेम जनरेशन बंद, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) बंद, ब्राउझर बंद, एक्सएमपी चालू आहे का ते प्रत्येक बायोस अपडेटनंतर बघायचं.

पुढच्या मोठ्या अपडेटनंतर तोच रूट परत तीनदा. ड्रायव्हर त्या दिवशी टाकायचा नाही.

ओव्हरले आज काढून टाकला. उद्या आर्कव्हेल्ड हा मॉन्स्टर, ग्रेट स्वोर्ड घेऊन, आणि परवा बहिणीची पाळी आहे, तिला मिझुत्सुनेचा तोच शेपटीच्या आधीचा पाय माझ्याकडून ओळखून घ्यायचाय.